भुकेल्या मेंदूचा ताळेबंद

केळ्यांचा घड घरात चार दिवस राहिला की त्याच्याभोवती चिलटे जमतात. कोठून येतात कळत नाही, आणि हाताने उडवून लावण्यापलीकडे आपण त्यांची दखलही घेत नाही. पण गेल्या शंभरएक वर्षांत जीवशास्त्राला आनुवंशिकतेविषयी जे कळले, त्याचा फार मोठा वाटा या चिलटांनीच पुरवला आहे. अलीकडे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ती वाचल्यापासून माझ्या आयुष्यातले दोन जुने हिशेब मला पुन्हा उघडावे लागले. त्यांतला एक माझ्या बाजूने निघाला, दुसरा माझ्या विरुद्ध. वाचकांपुढे ते दोन्ही ठेवावेत, असे वाटते.

आधी एक खुलासा. आमच्या जालना जिल्ह्यात 'फळमाशी' म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. त्याच्या डोळ्यांपुढे मोसंबीला डंख मारून आत अंडी घालणारी आणि झाडाखाली सडक्या फळांचा सडा पाडणारी माशी येते. ती वेगळ्या कुळातली. शास्त्रज्ञ ज्या फळमाशीवर प्रयोग करतात ती ड्रॉसोफिला, म्हणजे आपले साधे चिलट. आंबू लागलेल्या फळावरचे किण्व खाऊन ती जगते. दहा-बारा दिवसांत तिची एक पिढी तयार होते आणि एका बाटलीत शेकडो माश्या सुखाने नांदतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. तेथून जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध होण्याचा रस्ता खुला झाला.

या माशीला मेंदू आहे. आकाराने खसखशीच्या दाण्याएवढा. २०२४ साली शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी मोजल्या गेल्या. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज असतात. तुलना हास्यास्पद वाटेल, पण एवढ्याशा मेंदूवर ही माशी वास ओळखते, जोडीदार शोधते, धोका टाळते आणि, मुख्य म्हणजे, शिकलेले लक्षात ठेवते.

माश्यांचा हा अभ्यास परदेशातच झाला असे नाही. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ओबैद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे अमेरिकेत सीमूर बेंझर यांच्याबरोबर काम करताना त्यांना माशीने भुरळ घातली. तापमान थोडे वाढले की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळताच पुन्हा उठून चालू लागणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंत नेमका काय दोष आहे, यावर दोघांचा शोधनिबंध १९७६ साली निघाला. मुंबईला परतल्यावर सिद्दीकींनी वास आणि चव या संवेदनांकडे मोर्चा वळवला. या कामात त्यांची विद्यार्थिनी होती व्हेरोनिका रॉड्रिग्ज. गोवेकर आईबापांची आणि केनियात जन्मलेली ही मुलगी थेट मुंबईच्या प्रयोगशाळेत येऊन पोहोचली होती. कोणत्या माशीला कोणता वास येत नाही, कोणत्या माशीला कोणती चव कळत नाही, याची छाननी करून त्यामागची जनुके शोधायची, असे ते काम. १९७८ साली गुरुशिष्यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. माशी वास कसा घेते हे आज जगाला जे माहीत आहे, त्याच्या पायाभरणीत हा मुंबईचा दगड आहे. रॉड्रिग्ज २०१० साली गेल्या, सिद्दीकी २०१३ साली. मराठी वर्तमानपत्रांचे किती वाचक त्यांना नावाने ओळखत होते, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो. मी ओळखत नव्हतो.

वास कळला की पुढचा प्रश्न आठवणीचा. माशीची स्मरणशक्ती तपासायची कशी? युक्ती सोपी आहे. माश्या एका नळीत कोंडायच्या, एक विशिष्ट वास सोडायचा आणि त्याच वेळी विजेचा हलका झटका द्यायचा. मग दुसरा वास सोडायचा, झटक्याविना. नंतर त्यांना दोन वाटांपैकी एक निवडू द्यायची. एकीकडे पहिला वास, दुसरीकडे दुसरा. ज्यांना धडा आठवतो त्या झटक्याच्या वासाकडे फिरकत नाहीत. बेंझर यांच्या प्रयोगशाळेतून १९७४ साली ही परीक्षा पुढे आली. १९७६ साली तेथेच अशी एक जात सापडली की तिला वासही येतो, झटकाही कळतो, पण धडा काही लक्षात राहत नाही. तिचे नाव ठेवले 'डन्स'. म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत 'मठ्ठ'.

हा शब्द लक्षात असू द्या. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पुढे असे दिसले की धडा कसा दिला जातो यावर आठवण किती टिकते हे अवलंबून असते. पाच-दहा वेळा लागोपाठ, श्वास घेऊ न देता शिकवले तर आठवण होते, पण टिकत नाही. तेवढेच धडे मध्ये पंधरा-पंधरा मिनिटे विसावा देऊन शिकवले तर ती कित्येक दिवस राहते, कारण त्या आठवणीसाठी चेतापेशी नवी प्रथिने घडवतात. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी तरी सांगायला हवे.

आता मूळ मुद्दा. नवी प्रथिने घडवायची म्हणजे खर्च आला. आमच्या बँकेच्या भाषेत, चालू खात्यातले उसनवार भागवणे वेगळे आणि इमारत बांधायला काढणे वेगळे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेडरिक मेरी आणि तादेउश काव्हेत्स्की यांनी २००५ साली हा खर्च मोजून दाखवला. ज्या माश्यांना विसावा देत-देत दीर्घकाळ टिकणारा धडा दिला होता, त्यांचे अन्नपाणी तोडल्यावर त्या इतर माश्यांपेक्षा काही तास आधी मेल्या. आठवणीची किंमत त्यांनी आयुष्याच्या तासांत मोजली.

पॅरिसमध्ये पिएर-इव्ह प्लासे आणि तोमा प्रेआ यांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. मेंदूला ही किंमत परवडत नसेल तेव्हा तो काय करतो? २०१३ साली त्यांनी उत्तर दिले. उपाशी ठेवलेल्या माश्यांचा मेंदू झटक्याच्या धड्याची दीर्घ आठवण बांधण्याचे काम बंदच करून टाकतो. यंत्रणा बिघडलेली नसते, ती थांबवलेली असते. शास्त्रज्ञांनी काही मोजक्या चेतापेशींना बाहेरून चालना देऊन उपाशी माश्यांना ती आठवण बळेच बांधायला लावली, तेव्हा आठवण बांधली गेली, पण माश्या लवकर मेल्या. २०१७ साली याच गटाने आणखी तपशील दिला. टिकाऊ धडा सुरू होताच आठवणीच्या केंद्रातल्या पेशी अधिक इंधन जाळू लागतात, आणि हे इंधन जाळणे हीच आठवण बांधण्याची सुरुवात असते. असा धडा घेतलेल्या माश्या साखरही जास्त खातात. २०२२ साली त्यांनी दाखवले की उपासमारीत मेंदूतल्या मदतनीस पेशी चरबीपासून पर्यायी इंधन करून चेतापेशींना पुरवतात, आणि त्यावर स्वस्तातली आठवण तेवढी तग धरते. दुष्काळात पक्के घर बांधणे थांबते, पण छपराला ठिगळ लावणे चालू राहते, तसे.

कोणी म्हणेल, उपवासाने तर बुद्धी तल्लख होते. त्यातही तथ्य आहे. २०१३ सालीच जपानी शास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवले की थोड्या तासांच्या उपवासाने माश्यांची टिकाऊ आठवण उलट सहज बांधली जाते. पण थोडा उपवास वेगळा आणि उपासमार वेगळी. एकादशी करणाऱ्याला द्वादशीला पारणे फिटणार हे ठाऊक असते. दुष्काळाला द्वादशी नसते.

शिवाय उपाशी माशी सगळेच विसरते असे नाही. कोणत्या वासाबरोबर साखर मिळाली हे ती एकाच धड्यात शिकते आणि लक्षात ठेवते. म्हणजे भुकेला मेंदू मठ्ठ होत नाही. तो काटकसरी होतो. जगण्याला लागेल तेवढ्याच खात्याला तो मंजुरी देतो, बाकीची प्रकरणे बाजूला ठेवतो.

हे वाचले आणि मला १९७२ साल आठवले.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. तो झाला १ मे १९८१ रोजी. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. मी आठवीत होतो. विहिरी आटल्या होत्या. आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात लाल मिलोच्या भाकरी होत्या, त्याही रोज पोटभर नव्हत्या. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणायची. आम्ही भावंडे रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. त्या वर्षी मला काही म्हणजे काही आठवत नसे. आदल्या वर्षापर्यंत तोंडपाठ असलेले पाढे अडखळू लागले. इतिहासाची सनावळी रात्री वाचावी आणि सकाळी पाटी कोरी. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांचाही धीर सुटला. सगळ्या वर्गासमोर त्यांनी मला जो शब्द वापरला तो वर सांगितलाच आहे. मठ्ठ. तो शब्द मी पुढे पस्तीस वर्षे नोकरीत आणि पाच कादंबऱ्यांत बरोबर वागवला.

आज त्या वर्षाच्या पुस्तकातला एकही धडा मला आठवत नाही. सुकडीची चव मात्र आजही जिभेवर आहे. आईच्या पदराचा वास, फडक्याची गाठ, कोणाच्या वाट्याला किती आली, सगळे लख्ख आठवते. माझ्या मेंदूने त्या वर्षी कोणत्या खात्यात खर्च केला, याचा हा पुरावा आहे, असे मी आता समजतो.

हा पहिला हिशेब. तो माझ्या बाजूने निघाला. दुसरा तसा नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेचा व्यवस्थापक होतो. त्या वर्षी मराठवाड्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी स्वतः लावलेली झाडे स्वतः तोडून सरपणाला विकली. एका थकबाकीदाराच्या भेटीला मी त्याच्या शेतावर गेलो. पन्नाशीचा माणूस. कर्जाचे नूतनीकरण कधी केले, हे मी विचारले. आठवेना. कागदांवर सही केली का, जामीनदार कोण, विम्याचा हप्ता भरला का, यातले काहीच त्याला नीट सांगता येईना. मग मी बागेविषयी विचारले. तेव्हा तो भडाभडा बोलू लागला. कोणत्या तारखेला कोणाचा टँकर आणला, किती लिटरचा, काय दराने, कोणत्या ओळीतल्या किती झाडांना पाणी पोहोचले, कोणते झाड कोणत्या आठवड्यात वाळले, सगळे तारीखवार.

मी मनात म्हणालो, टँकरचे दर आठवतात आणि बँकेच्या तारखा आठवत नाहीत! माणूस लबाड आहे. शाखेत येऊन मी अहवालात शेरा लिहिला, 'कर्जदार माहिती देण्याचे हेतुपुरस्सर टाळतो.' आमच्या धंद्यात या वाक्याला वजन असते. ते एकदा कागदावर आले की पुढचा प्रत्येक अधिकारी त्या माणसाकडे त्याच चष्म्यातून पाहतो. मीही भुकेच्या वर्षातून गेलेला होतो, मलाही कोणी मठ्ठ म्हटले होते. तरी मला ओळखू आले नाही. मला शब्द मिळाला होता 'मठ्ठ', मी त्याला दिला 'लबाड'.

माशीवरून माणसावर उडी मारू नये, हे मला कळते. मोसंबीचा बागायतदार म्हणजे बाटलीतले चिलट नव्हे, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय चालले होते हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. पण माणसांवर झालेला अभ्यास काय सांगतो, तेही पाहू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती माणसे सारखा अन्नाचाच विचार करू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. लक्ष लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत मोठी घट दिसली नाही. बुद्धी शाबूत होती, मन मात्र दुसरीकडे जुंपले गेले होते. २०१३ साली तमिळनाडूतल्या साडेचारशेहून अधिक ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीआधी, हातात पैसा नसताना, विचारशक्तीच्या चाचणीत मागे पडला आणि ऊस तुटून पैसे आल्यावर पुढे गेला. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर इतर तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत, ते नोंदवले पाहिजेत. तरीही ओढाताणीत सापडलेल्या माणसाची आकलनशक्ती पाहून त्याच्या लायकीचा किंवा नियतीचा निवाडा करू नये, एवढा धडा घ्यायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे वीस टक्के वाटा तो खातो. आणि शाळा म्हणजे काय? दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणी बांधण्याचा कारखानाच. मग त्या कारखान्याला इंधन किती मिळते, हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे. तो दयाधर्माच्या खात्यात टाकून चालणार नाही.

या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ साली केंद्राची शालेय पोषण आहार योजना आली. सुरुवातीला आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न सुरू झाले. पण ही योजना आठवीपर्यंतची. नववीतल्या मुलाची भूक सरकारी कागदावर संपलेली असते. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आहारात आठवड्याला अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीतून करा असे शाळांना सांगितले. ज्या गावात दुष्काळ आहे, त्या गावात वर्गणी कोण देणार?

आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. मुलेही गाडीत चढतात. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती मजुरांची गाडी गाव सोडण्याच्या आधी सुरू व्हायला हवी. गाडी गेल्यानंतर वसतिगृह उघडून उपयोग नाही. सकाळच्या शाळेत मूल अनशापोटी येते आणि जेवण मिळते दुपारी. मधल्या तीन-चार तासांत शिकवलेले कोणत्या इंधनावर टिकणार? पहिल्या तासाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक वाटी उपमा, एवढे तरी दिले पाहिजे. आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेचे जेवण चालू ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला होता. पुढच्या दुष्काळात त्यासाठी पुन्हा कोणाला न्यायालयाचे दार ठोठावायला लागू नये.

बँकवाल्यांसाठीही दोन शब्द. दुष्काळी वर्षात कर्जदाराला काय आठवते याची परीक्षा घेऊ नका. तारखा, हप्ते, कागदांच्या प्रती आपल्या दप्तरात आहेत, त्या त्याच्या हातात द्या. सही घेण्याआधी दोनदा वाचून दाखवा, मध्ये आठवडाभराचा अवकाश द्या. विसावा देऊन दिलेला धडा टिकतो, हे आपल्याला माशीने सांगितलेच आहे. आणि शेरा लिहिण्याआधी थांबा. शेरा लिहायला अर्धा मिनिट लागतो, पुसायला कोणतीही सोय नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. निवृत्तीनंतर एकदा मी त्या गावाला गेलो होतो. त्या शेतकऱ्याने पुन्हा मोसंबी लावली आहे, ठिबक केले आहे. मी ओळख सांगितली. त्याने मला लगेच ओळखले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही आला होता त्या दिवशी तुम्हाला द्यायला घरात पाणीसुद्धा नव्हतं." त्या दिवसाचे त्याला नेमके तेवढेच आठवत होते. माझा शेरा त्याला माहीत नव्हता. मी तो त्याला सांगितला आणि चुकलो म्हणालो. तो काही बोलला नाही. उठला, बागेत गेला आणि चार मोसंब्या तोडून माझ्या पिशवीत घातल्या.

घरी आणून मी त्या ताटलीत ठेवल्या. दोन-तीन दिवसांत त्यांतल्या एकीवर चिलटे आली. मी त्यांना उडवून लावले नाही.